अडलेला भोपळा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकांनी चौथ्या मजल्यावरच्या मेट्रनबाईंच्या दाराची घंटी वाजवली. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता आणि उजव्या हातात देठासकट खुडलेलं एक मोठं पिवळं फूल.

एवढ्या माहितीवर लोक बाकीचं आपापल्या मनाने भरून काढतात. त्या सकाळीही तेच झालं. पेपरवाला पाचव्या मजल्यावरून खाली येत होता. त्याने मुद्रितशोधकांकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि एरवी दणदण उतरणारा हा माणूस पायांचा आवाज न करता उरलेला जिना उतरला. तळमजल्यावर बातमी पेपरच्या आधी पोचली.

दार उघडलं. मेट्रनबाईंनी सगळी नोकरी एका मोठ्या प्रसूतिगृहात केली होती. तिथे त्या बाळंतिणींना खाटेच्या नंबराने हाक मारत. निवृत्तीनंतर खाटा गेल्या, पण सवय गेली नाही. इमारतीतल्या लोकांना त्या मजल्याने हाक मारतात.

"तिसरा मजला," त्या म्हणाल्या, "उशीर केलात. चपला बाहेर काढा आणि आत या. नर आहे ना?"

"आहे," मुद्रितशोधक म्हणाले. "काल संध्याकाळीच लाल दोरा बांधून ठेवला होता."

"दोऱ्याने नर होत नाही. इकडे द्या."

आता हे फूल वर का आलं, ते सांगायला हवं. त्याचं मूळ साडूंमध्ये आहे.

साडू, म्हणजे मुद्रितशोधकांच्या धाकट्या मेहुणीचे यजमान. टाइल्सचे व्यापारी. त्यांच्या घराला गच्ची आहे आणि गच्चीवर ते भाज्या लावतात. त्यालाही कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती त्यांच्या पिशवीला. महिन्यातून दोन रविवार ते जेवायला येत, भरलेली पिशवी टेबलावर ठेवत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "घरचं आहे." पालेभाजी काढली की घरचं आहे. टोमॅटो काढले की घरचं आहे. एकदा पिशवी रिकामी झाल्यावर तिची घडी घालतानाही ते म्हणाले, "हीसुद्धा घरचीच. हिने शिवली."

मुद्रितशोधकांनी हे पुष्कळ दिवस सोसलं. मग एका रविवारी त्यांच्या पत्नी नळाखाली पालेभाजी धुता धुता म्हणाल्या, "भाऊजींच्या हाताला यश आहे हो." त्या कुणाला टोमणा मारत नव्हत्या, नळाशी बोलत होत्या. पण मुद्रितशोधकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तर्जनीवर लाल शाईचा डाग सोडला तर त्या हातांच्या नावावर काहीच जमा नव्हतं. ते जेवणाच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "पुढच्या हंगामात तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं. आमच्या घरचा भोपळा खायला."

भोपळाच का, तर त्या आठवड्यात ते शाळेच्या पुस्तकातला वेलींचा धडा तपासत होते आणि तोच शब्द तोंडाशी होता. टोमॅटोचा धडा असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

"भोपळा?" साडू म्हणाले. "दादा, भोपळा मिळवायला एवढी मेहनत कशाला? शाळेत आम्हाला काही न करता मिळायचा."

मेहुणी हसली. पत्नी हसल्या. मुद्रितशोधकही हसले, कारण जेवणाच्या टेबलावर तेवढंच करता येतं. पण त्या क्षणापासून तो भोपळा ही भाजी राहिली नाही. तो अख्खा, देठासकट, टेबलाच्या मधोमध ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि 'घरचं आहे' म्हणायचं, एवढ्या दोन शब्दांसाठी त्यांनी कंबर कसली.

जुन्या कूलरची टाकी बाल्कनीत आली. माती ऑफिसच्या बॅगेतून थोडी थोडी वर आली, त्यामुळे काही महिने त्यांच्या डब्याला पावसाळी मैदानाचा वास होता. बी रुजलं आणि सल्लागार जमले. ज्यांच्या घरात प्लास्टिकचं झाडसुद्धा धूळ खाऊन मेलं होतं, त्यांना वेलींबद्दल सगळं ठाऊक निघालं. तळमजल्यावरच्या औषधदुकानदारांनी मुदत संपलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. माणसांना चालत नाहीत, भोपळ्याला काय कळतंय, असं ते म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या गायनाच्या बाईंचं मत होतं की वेलीला सूर लागतात, आणि त्यांनी खिडकी उघडी ठेवून शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. लिफ्टच्या मेकॅनिकने वेल पाहून एवढंच सांगितलं की ही वर जाणार. लिफ्टबद्दल त्याने इतकं ठाम कधी काही सांगितलं नव्हतं.

आणि खरोखरच वेल वर गेली. पाइपाचा आधार घेऊन तिने चौथ्या मजल्याच्या ग्रिलला मिठी मारली. (इथे वेल स्त्रीलिंगी धरली आहे. मुद्रितशोधकांची त्याला हरकत आहे, ती पुढे येईलच.) तिसऱ्या मजल्यावरच्या भागाला फुलं लागली. रोज सकाळी चार-पाच मोठी पिवळी फुलं. मुद्रितशोधक रोज कौतुकाने ती बघत आणि ऑफिसात जाऊन सांगत. दहापर्यंत फुलं मिटत, दुपारी गळत. भोपळा मात्र एकही धरेना.

"फुलं तरी खाऊ या," पत्नी एकदा म्हणाल्या. "पिठात घोळून तळतात म्हणे."

"मी भोपळा म्हणालोय," मुद्रितशोधक म्हणाले.

शेवटी खुलासा वरून आला. मेट्रनबाई ग्रिलला नाक लावून खाली ओरडल्या, "तिसरा मजला, तुमच्याकडे सगळे मुलगेच आहेत."

"कशाचे?"

"फुलांचे. सगळी नर. त्यांना भोपळा कसा धरेल?"

मुद्रितशोधक वर तोंड करून उभे राहिले. त्यांचं उत्तर इमारतीत नंतर बरेच दिवस सांगितलं गेलं. ते म्हणाले, "पण फूल तर नपुंसकलिंगी आहे."

हा अडाणीपणा नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. चोवीस वर्षं ते फूल, ते पान, ते झाड असं तपासत आलेल्या माणसाला फुलात नर-मादी असेल अशी शंका यायला वावच नसतो. शिवाय वेलींच्या त्या धड्यात नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, असं चक्क लिहिलेलं होतं. त्या वाक्यातला एक जादा स्वल्पविराम मुद्रितशोधकांनीच काढला होता. पण मुद्रितशोधक वाक्य वाचत नाहीत, अक्षरं वाचतात. वाक्य वाचायला लागलं की चुका सुटतात.

"ते तुमच्या पुस्तकात," मेट्रनबाई वरून म्हणाल्या. "माझ्या ग्रिलवर मुलगी आहे. फुलाच्या खाली लिंबाएवढा भोपळा घेऊनच आलीय. उद्या सकाळी उमलेल आणि दहाच्या आत मिटेल. इथे एक माशी फिरकत नाही, मी फिरकू देत नाही. तुम्हीच एक मुलगा घेऊन वर या."

म्हणून ते सहा वाजून दहा मिनिटांनी फूल घेऊन वर गेले होते.

मेट्रनबाईंनी त्यांना हात कोपरापर्यंत धुवायला लावले. मग नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, मधली दांडी मादी फुलात फिरवली आणि एका मिनिटात सगळं आटोपलं. मुद्रितशोधक जवळ जाऊन बघू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं. आता वडिलांनी बाहेर थांबायचं."

ते खाली आले तेव्हा पत्नी दारात उभ्या होत्या. पेपरवाल्याची बातमी तोवर तळमजल्यावरून परत वर चढली होती.

"कुठे गेला होतात?"

"वर. मेट्रनबाईंना फूल द्यायला."

वाक्यात एकही चूक नव्हती. तरी त्या दिवशी डब्यात नुसती पोळी निघाली.

भोपळा धरला. लिंबाचा पेरू झाला, पेरूचा नारळ झाला. मेट्रनबाईंनी त्याच्याखाली हिरव्या कापडाची झोळी बांधली आणि भेटीची वेळ ठरवून दिली: चार ते सहा. मुद्रितशोधक सहाला ऑफिसातून सुटत. स्वतःच्या भोपळ्याला त्यांना फक्त रविवारी भेटता येई, आणि तेही दाराबाहेर चपला काढून, हात धुऊन, दुरून.

मग एका सकाळी ऑफिसला निघताना त्यांना खालच्या फळ्यावर सोसायटीची सूचना दिसली. 'तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी इमारतीच्या दर्शनी भागावर सोडलेली वेल तात्काळ काढण्यात यावी.' उशीर झाला होता. मुद्रितशोधक थांबले. खिशातलं लाल पेन बाहेर आलं. 'तात्काळ' चं त्यांनी 'तत्काळ' केलं. त्यांच्या छापखान्याच्या नियमाप्रमाणे वेल पुल्लिंगी, म्हणून 'सोडलेली' चं 'सोडलेला' आणि 'यावी' चं 'यावा'. समासात खुणा केल्या, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मुद्रित तपासून झालं की करतात तशी, तारखेसह सही ठोकली.

आपण काय केलं हे त्यांना ऑफिसात पोचून चहाचा कप तोंडाला लावल्यावर कळलं. तोवर सेक्रेटरींनी कागद काढून नेला होता.

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहतात आणि विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात आहेत. जगाकडे ते पुढच्या अपघाताची जागा म्हणून बघतात. समितीची बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात झाली. खजिनदार म्हणून औषधदुकानदार होते. मेट्रनबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या सर्वांत आधी येऊन बसल्या होत्या.

"सही तुमचीच ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझीच. पण ती शुद्धलेखनापुरती आहे."

"तसं खाली लिहिलंय का?"

"मुद्रितावर तसं लिहीत नाहीत. सहीचा अर्थ एवढाच की चुका काढल्या."

"म्हणजे आता या सूचनेत चूक राहिलेली नाही."

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

याचं उत्तर मुद्रितशोधक अजून शोधत आहेत.

"माझं भोपळ्याशी वैर नाही," सेक्रेटरी पुढे म्हणाले. "पण त्याच्या खाली माझी गाडी असते. तो पडलेला नाही, मला मान्य आहे. पण पडू शकतो."

"झोळी आहे ना," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझ्या गाठी सुटत नाहीत."

"झोळी फाटू शकते."

"एक मुद्दा आहे," खजिनदार म्हणाले. ते मघापासून लाल खुणा बघत होते. "हे 'काढण्यात यावा' कसं? ती वेल ना? आमच्याकडे सगळे ती वेलच म्हणतात."

"तो वेल," मुद्रितशोधक म्हणाले.

"कोशात दोन्ही आहे," सेक्रेटरींच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दोन्ही असलं तरी पुस्तकात एकच धरावं लागतं," मुद्रितशोधक म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा भरदार झाला होता. निदान या प्रांतात ते स्वतःच्या घरी होते. सूचनेचा विषयच जर नक्की नसेल, तर सूचना लागू कशी होणार, असाही एक बारीक धागा त्यांना दिसू लागला होता. समितीची दोन मतं पडली. तो आणि ती यांवर चर्चा चालू राहिली, चहा झाला, आणि मग मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला.

"पाचवा मजला, मी एक विचारते. लेकरू अंगाशी असताना आईला घराबाहेर काढतात का? आमच्या वॉर्डात हे चाललं नसतं. भोपळा तिच्या अंगावर आहे. ती आई आहे. ती वेल. तोडलीत तर लेकरू जाईल. बोला."

सेक्रेटरी मुद्रितशोधकांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं? ती वेल हे तुम्हाला मान्य असेल, तर आई म्हणून सवलतीचा विचार करता येईल."

एका बाजूला छापखान्याचा नियम होता, दुसऱ्या बाजूला नारळाएवढा भोपळा आणि त्याच्याही पलीकडे जेवणाच्या टेबलावर पिशवीची घडी घालणारे साडू होते. मुद्रितशोधकांनी लाल पेन खिशातच राहू दिलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक लिंग डोळ्यांदेखत जाऊ दिलं.

ठराव झाला: भोपळा उतरवेपर्यंत वेल राहील, भोपळा उतरवल्यावर तत्काळ काढण्यात यावी. 'तत्काळ' तेवढं त्यांचं राहिलं.

यानंतर सगळं सुरळीत व्हायचं. पण भोपळा सुरळीत वाढला, आणि तीच अडचण झाली. कळी असताना तो ग्रिलच्या दोन गजांच्या मधोमध होता. तेव्हा दोन्ही बाजूंना जागा होती. वाढता वाढता त्याचं अर्धं पोट मेट्रनबाईंच्या बाल्कनीत आलं, अर्धं बाहेर राहिलं आणि कमरेला दोन लोखंडी गज आवळून बसले. एका रविवारी मुद्रितशोधक भेटीला गेले, तर मेट्रनबाई भोपळ्यावर तळहात ठेवून गंभीर चेहऱ्याने उभ्या होत्या.

"अडलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आतही येत नाही, बाहेरही जात नाही. सिझर करावं लागेल."

"भोपळ्याचं?" मुद्रितशोधकांनी घाबरून विचारलं. चिरलेला भोपळा टेबलाच्या मधोमध ठेवता येत नाही. चिरलेला भोपळा मंडईतही मिळतो.

"ग्रिलचं. माझ्या वॉर्डातून लेकरू अख्खंच बाहेर जातं. एक गज कापायचा. वेल्डर माझ्या ओळखीचा आहे, त्याची दोन्ही मुलं माझ्या हातची. पण नातेवाइकांची सही लागेल."

ग्रिल सोसायटीचं होतं. सगळ्या मजल्यांची ग्रिलं एकाच नक्षीची आहेत आणि ती तशीच राहावीत, असा नियम आहे. मुद्रितशोधक पाचव्या मजल्यावर गेले. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे दुरुस्तीत बसवायचं की फेरबदलात? दुरुस्ती म्हणालात तर नुकसान दाखवावं लागेल. ग्रिलचं काही नुकसान झालंय का?"

"ग्रिलचं नाही. भोपळ्याचं होतंय."

"भोपळा सोसायटीचा नाही. मग फेरबदल. फेरबदलाला सर्वसाधारण सभा लागते. रीतसर अर्ज द्या, सही करून."

मागच्या सहीनंतर कुठल्याच कागदावर सही करायची नाही, असं मुद्रितशोधकांनी ठरवलं होतं. ऑफिसातली मुद्रितंसुद्धा ते आता दोनदा उलटून बघत. ते खाली येऊन खुर्चीत बसून राहिले. पत्नी भाजी निवडत होत्या. ती भाजी साडूंची होती.

"करा हो सही," त्या म्हणाल्या. "चुका काढायला एवढ्या सह्या केल्यात, एक चूक निस्तरायला करा."

सही झाली. सभा बोलावली गेली. ठरलेल्या वेळेला गणसंख्या भरली नाही, कारण निम्मे सभासद चौथ्या मजल्यावर अडलेला भोपळा बघायला गेले होते. चार ते सहा ही भेटीची वेळ होती आणि सभाही पाचची होती. सभा तहकूब झाली. भोपळा उतरेना म्हणून वेल काढता येईना, सभा भरेना म्हणून भोपळा उतरेना. आणि साडूंचा रविवार उद्यावर आला. भोपळा नारळाएवढा असतानाच मुद्रितशोधकांनी त्यांना फोनवर तारीख देऊन टाकली होती.

"पुढे ढकला," पत्नी म्हणाल्या.

"मग ते म्हणतील, भोपळा मिळाला."

"ते काय, कसंही म्हणतीलच."

साडू ठरल्या वेळेच्या आधी आले. टेबलावर पिशवी ठेवली, क्षणभर थांबले. "मुळे," ते म्हणाले. "घरचे आहेत. कुठाय भोपळा?"

मेट्रनबाईंनी आधीच कळवलं होतं की जेवणाच्या वेळी भेट नाही. त्यामुळे पाहुण्यांना बाल्कनीत नेऊन माना वर करायला सांगावं लागलं. वर, ग्रिलच्या बाहेर, हिरव्या झोळीत भोपळ्याचा अर्धा भाग दिसत होता. साडूंनी मान वाकडी करून तो नीट पाहिला.

"हा तर वरच्यांचा आहे."

"टाकी माझी आहे," मुद्रितशोधक म्हणाले. "बी मी लावलंय. वेल माझा. माझी."

"फूल?"

"फूल वरचं."

"मग?"

"नर फूल माझं होतं."

यावर साडू फक्त "बरं" म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'ने मुद्रितशोधकांच्या जिवाला जे झालं, ते ठरावात मांडण्यासारखं नाही. सगळे आत आले. जेवायला बसले. टेबलाच्या मधोमध रिकामी जागा होती. ती मुद्रितशोधकांनी सकाळीच पुसून ठेवली होती.

त्या जागेवर पत्नींनी एक ताट आणून ठेवलं. ताटात पिठात घोळून तळलेलं, सोनेरी, कुरकुरीत असं काहीतरी रचलेलं होतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं नव्हतं. पहाटे उठून वेलीवर हाताला लागलं ते सगळं खुडलं होतं.

साडूंनी एक उचललं. मग दुसरं उचललं. तिसरं तोंडात असतानाच ते म्हणाले, "वहिनी, हे काय आहे?"

मुद्रितशोधकांना कळायला एक क्षण लागला. तो क्षण नेमका हवा तेवढाच होता.

"घरचं आहे," ते म्हणाले.

साडूंनी चौथं उचललं. मेहुणीने मात्र तिचं उलगडून बघितलं. "अय्या, ताई, ही भोपळ्याची फुलं? आमच्या गच्चीवर दोन वर्षं नुसती हीच येतात. ढीगच्या ढीग. झाडून टाकते मी. भोपळा म्हणशील तर एक नाही."

"म्हणजे भोपळाच मिळाला म्हणायचा," पत्नी वाढता वाढता म्हणाल्या. त्या याही वेळी टोमणा मारत नव्हत्या, पण आज नळ मध्ये नव्हता.

साडूंचा हात थांबला. "जमिनीचा दोष आहे," ते म्हणाले.

"गच्चीवर कुठली जमीन," मेहुणी म्हणाली.

"सगळे मुलगेच असतील," मुद्रितशोधक म्हणाले. सूर हुबेहूब मेट्रनबाईंचा होता.

साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मुलगे? फुलात काय मुलगे? फूल तर नपुंसकलिंगी ना?"

मुद्रितशोधकांना खुलासा करता आला असता. ग्रिलवरची मुलगी, लिंबाएवढा भोपळा, हात कोपरापर्यंत, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो," आणि भात घेतला. असं जेवण त्यांना पुष्कळ वर्षांत लागलं नव्हतं. साडूंना फुलं इतकी आवडली की पत्नींनी मध्येच उठून वेलीवरच्या उरलेल्या कळ्याही खुडून आणल्या आणि तिसरा घाणा तळला. जाताना साडूंनी पिशवीची घडी घातली, पण ती घरची आहे असं म्हणाले नाहीत.

हा रविवार झाला. सोमवारी, म्हणजे आज, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकांच्या दाराची घंटी वाजली. दारात सेक्रेटरी उभे होते. अंगात पायजमा होता. त्यांनी आधी जिन्यात वर-खाली पाहिलं.

"वेल पाचव्यावर आलीय," ते म्हणाले. "माझ्या ग्रिलवर."

"मग ठरावाप्रमाणे—"

"ठरावाचं राहू द्या. मुलगी आहे. मेट्रनबाई मघाशी येऊन बघून गेल्या. खाली एवढासा भोपळाही आहे." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून तो दाखवला. विमा कंपनीत ती बोटं नुकसान मोजत. "उमललीय. दहाला मिटते म्हणे. एक नर फूल मिळेल का?"

मुद्रितशोधकांना भोपळ्याखालची ती गाडी आठवली.

"ग्रिलचं आपण दुरुस्तीत बसवू," सेक्रेटरी म्हणाले. "चौथ्याचं आजच कापून टाका. पाचव्याचा गजही जाईल, तेवढ्यात काय आहे. नक्षी कोण बघतंय."

मुद्रितशोधक बाल्कनीत गेले. वेल वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती. त्यांनी पानं उचलून पाहिली, टाकीमागे पाहिलं, पाइपामागे पाहिलं. एकही फूल नव्हतं. कळीही नव्हती.

"काल सगळी तळली हो," पत्नी आतून म्हणाल्या. "आजच्याही कळ्या गेल्या. भाऊजींना आवडल्या ना." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "धाकटीच्या गच्चीवर ढीगच्या ढीग आहेत. ती आत्ता झाडायला घेईल."

मुद्रितशोधकांनी पत्नींकडे पाहिलं, दारातल्या सेक्रेटरींकडे पाहिलं, आणि पुसून ठेवलेल्या टेबलाकडे पाहिलं. मग मोबाइल घेऊन साडूंचा नंबर लावला.

वर मेट्रनबाईंनी पाचव्या मजल्याला हात कोपरापर्यंत धुऊन तयार राहायला सांगितलं आहे. वेल्डर निघाला आहे. पेपरवाल्याने सेक्रेटरींना पायजम्यात तिसऱ्या मजल्यावर पाहिलं आहे. साडूंचा फोन वाजतो आहे. अजून त्यांनी उचललेला नाही.